गुणगुणेन तोवर करवत

९ जानेवारी

ताई,

‘तीर्थरूप’ लिहायला घेतलं होतं, पण पेन अडलं. म्हणून नुसतंच ताई. पत्ता मामांकडून घेतला. मागितला तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा घातला आणि लिहून दिला. त्यांनी जो अर्थ काढला तो तू काढू नकोस. हे कामाचं पत्र आहे.

फोन केला नाही, कारण फोनवर तू बोलशील, मग मी बोलेन, गाडी आईवर येईल आणि दोघींपैकी एक जण फोन आपटेल. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, हा पत्राचा मोठाच फायदा.

मी अजून मुलांच्या हाडांच्या इस्पितळातच आहे, प्लास्टरच्या खोलीत. मोडलेलं हाड डॉक्टर बसवतात, मी वरून प्लास्टर घालते आणि दिवस भरले की काढते. घालायचं सोपं. काढायला करवत लागते. तिचं पातं फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक प्लास्टर कापतं आणि खाली मऊ कातडी लागली की नुसतं गुदगुल्या करतं. हे मी रोज स्वतःच्या तळहातावर लावून दाखवते. पण आवाज असा घोंगावणारा, की पोरांची पाचावर धारण बसते.

सध्या वॉर्डात एक मुलगी आहे, सहा वर्षांची. खुबा जन्मापासून जागेवर नव्हता, ऑपरेशन झालं, आता छातीखालपासून दोन्ही पायांच्या घोट्यापर्यंत प्लास्टर. पाय फाकलेले, मध्ये आडवी काठी. उताणी पडल्या पडल्या सगळ्या वॉर्डाला हुकूम सोडते, म्हणून आम्ही तिला राणीसरकार म्हणतो. इथे यायच्या आधी दुसरीकडे तिचं एक प्लास्टर काढलं होतं. ती घाबरून हातपाय झाडायला लागली, तेव्हा चार मोठ्या माणसांनी तिला दाबून धरलं. पातंही तापलं असावं, नडगीवर डाग आहे. आता करवतीचा आवाज भिंतीपलीकडून आला तरी ती कानांवर हात ठेवते आणि ओठ पांढरे होतात.

भूल देऊन काढावं, तर ऑपरेशनच्या वेळी भुलीत तिला श्वासाचा त्रास झाला होता. डॉक्टरांना ती जोखीम नको आहे. जागेपणी काढायचं तर तिने स्थिर राहिलं पाहिजे. मध्ये महिनाभर आहे.

मामा म्हणाले, तू शाळेत लहान मुलांना योग शिकवतेस आणि उड्या मारणारी पोरं तुझ्यापुढे श्वास मोजत बसतात. मला यातलं काही कळत नाही. माझा प्रश्न एवढाच, जिचं कमरेखालचं अंग सिमेंटच्या पोत्यासारखं झालंय, तिला यातलं काय करता येईल? ‘काही नाही’ असं उत्तर असेल तर तसं लिही. उगाच धीर देऊ नकोस.

धाकटी


१८ जानेवारी

ताई,

इतक्या लवकर उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. आणि एवढं जाड. पाकीट बघून पोस्टमन म्हणाला, पुस्तक मागवलंत का.

तुझी चित्रं पाहून मी प्लास्टरच्या खोलीत एकटीच हसले. तुझी माणसं अजून तशीच, आगकाडीची, वर वाटाण्याएवढं डोकं. सिंहासनातल्या सिंहाची जीभ तर पार गुडघ्यापर्यंत आली आहे.

तू लिहिलंस, पोटावर खेळणं ठेवायचं आणि श्वासाबरोबर ते वरखाली होताना बघायचं. वाचून मी उत्साहाने गेले आणि तिच्या पलंगाजवळ पोचल्यावर लक्षात आलं की तिच्या पोटावर प्लास्टर आहे. त्यावर मी उभी राहिले तरी ते हलणार नाही. राणीसरकार म्हणाल्या, “तू काय विसरलीस?” मी म्हटलं, “तुझं पोट विसरले.” मग कागदाची होडी करून तिच्या छातीवर ठेवली, गळ्याच्या जरा खाली. होडी हलली. तिने मान उचलून बघितलं, आणि होडी घसरून पलंगाखाली गेली. पुन्हा ठेवली. असं बरंच झालं. शेवटी तिला कळलं की श्वास सावकाश घेतला तर होडी टिकते. मग जवळजवळ जेवण येईपर्यंत ती होडी चालवत होती. वाढायला आलेल्या बाईंना तिने सांगितलं, “थांबा, भरती आहे.”

ताई, खरं सांगते, मला धावत जाऊन कुणाला तरी हे सांगावंसं वाटलं. कुणाला सांगणार, मोठ्या सिस्टर राउंडवर होत्या. म्हणून तुलाच लिहिते आहे.

शेजारच्या पलंगावर एक मुलगा आहे, आठ-नऊ वर्षांचा. आमच्यात मुलांना हाडावरून ओळखायची वाईट खोड आहे, म्हणून तो डावा कोपर. त्यालाही होडी हवी होती. मग खिडकीकडच्या उजव्या मांडीला. बघता बघता सगळ्या वॉर्डाचं बंदर झालं. सिंहाचं मात्र एकदाच केलं. सगळ्यांनी एकदम जीभ बाहेर काढून डरकाळी फोडली आणि मोठ्या सिस्टर दारात उभ्या. माझीही जीभ बाहेरच होती.

त्यांचं बघणं पुरेसं होतं.

तुझं शेवटचं पान, ज्यात इस्पितळाचं काही नाही, ते वाचलं. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

धाकटी


२३ जानेवारी

ताई,

तुझ्या योगाने आज मला तोंडघशी पाडलं.

सकाळी मी सगळ्यांना म्हटलं, आता डोळे मिटा आणि शांत व्हा. डावा कोपर मिटेना. मी गोड बोलून पुन्हा म्हटलं. त्याने मिटले, आणि क्षणात किंचाळून उठला, पाण्याचा पेला भिरकावला. तो भिंतीवर आपटला. बाकीची घाबरली, दोन लहानगी रडायला लागली. तो मोटरसायकलवर मागे बसला होता तेव्हा पडला, ताई. डोळे मिटले की त्याला तो रस्ता दिसतो. हे त्याची आई मला नंतर म्हणाली. मला आधी कसं सुचलं नाही?

मोठ्या सिस्टरनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “पोरं रमतात ते मी बघतेय. पण हा वॉर्ड आहे, तुमची प्रयोगशाळा नाही. ज्याचं आपल्याला कळत नाही ते मुलांवर करायचं नाही. तुम्ही प्लास्टर काढा.” आणि त्यांचं चूक होतं असं मला म्हणता येत नाही, याचाच जास्त राग येतोय.

तुझ्यावरही आला आहे. तू तिथे बसून चित्रं काढणार आणि इथे निस्तरायचं मी. ही आपली जुनीच वाटणी. आईच्या शेवटच्या आजारातही तू फोनवरून सांगायचीस, तिला असं बसव, तिला तसं टेकव. टेकवायला हात माझेच होते.

हे खोडणार होते. राहू दे.

राणीसरकारांच्या करवतीला आता तीन आठवडे आहेत. पुढे काय करायचं ते सांग, नाहीतर सांगू नकोस.

धाकटी


१ फेब्रुवारी

ताई,

तू भांडली नाहीस. मी तयारी करून पाकीट फोडलं होतं.

तू लिहिलंस ते मी मोठ्या सिस्टरना जसंच्या तसं वाचून दाखवलं. डोळे मिटायची सक्ती नाही, ज्याला हवं त्याने समोरच्या एका वस्तूकडे बघावं. ‘शांत हो’ असं मुलाला कधी म्हणायचं नाही, कारण ते त्याच्या हातात नसतं. आत काय चाललंय ते त्याला विचारायचं, आणि तो जे सांगेल ते बदलायला जायचं नाही. कुणाला नकोच असेल तर नको. आणि औषधाच्या जागी हे नाही, औषधाच्या सोबत आहे. सिस्टर शेवटच्या वाक्यावर थांबल्या. म्हणाल्या, “ही तुमची बहीण शहाणी दिसते.” मी म्हटलं, “कधी कधी.” म्हणाल्या, “संध्याकाळी, भेटायची वेळ संपल्यावर थोडा वेळ घ्या. मी बसेन.”

आणि त्या खरंच बसतात, ताई. खुर्ची ओढून, हातात रजिस्टर घेऊन. रजिस्टरमध्ये काही लिहीत नाहीत.

आता आम्ही आधी पोटातलं हवामान सांगतो. ही कल्पना तुझीच, पण आमच्या पोरांनी तिचं सोनं केलं. उजवी मांडी म्हणाली, “माझ्या पोटात शाळेची घंटा वाजतेय.” तिला परवा घरी जायचंय. डावा कोपर दोन दिवस म्हणत होता, “माहीत नाही.” मी म्हटलं, “माहीत नाही हेही हवामानच.” परवा तो खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत म्हणाला, “खड्डा आहे.” जरा वेळाने म्हणाला, “पण आता गाडी हळू चाललीये.” त्याची आई सांगते, त्या रात्री तो सलग झोपला, ओरडत उठला नाही. डॉक्टर म्हणतात, दुखणंही उतरलंय, त्यामुळे असेल. असेल. मी वाद घातला नाही. पण तो स्वतःहून बोलला, ते मी ऐकलंय.

राणीसरकारांचं हवामान रोज एकच. “करवत.”

आता मुख्य गोष्ट ऐक. तू भ्रामरी सांगितलीस ना, ओठ मिटून भुंग्यासारखं गुणगुणायचं? आम्ही ते करत होतो आणि पलीकडे माझ्या खोलीत मदतनीस कुणाच्या तरी मनगटाचं प्लास्टर कापत होता. भिंतीतून करवतीचा आवाज आला. राणीसरकारांनी कान झाकले. तेवढ्यात डावा कोपर म्हणाला, “अरे, सूर सेम आहे.” आणि ताई, सेम होता. पोरांचं गुणगुणणं आणि करवत, दोन्ही एकात एक मिसळलं. राणीसरकारांनी एक कान उघडला. मग स्वतः गुणगुणून पाहिलं. करवत थांबली तरी त्यांचं चालूच. म्हणाल्या, “ती दमली. मी नाही दमले.”

मला रात्रीच पत्र टाकायचं होतं, पण पेटी उघडतात सकाळी. म्हणून आत्ता, कामावर जाता जाता टाकते आहे. अक्षर बसमुळे असं आहे.

धाकटी


९ फेब्रुवारी

ताई,

तिच्याशी करार झाला. तिने घातलेल्या अटी अशा, की वकिलानेही हात टेकावेत.

मी तिला नेहमीप्रमाणे तळहातावर करवत लावून दाखवली. ती म्हणाली, “तुझा हात मोठ्या माणसाचा आहे. माझ्या पायाला ते कसं कळणार?” बरोबर आहे. मग मी विचारलं, “तुझ्या पायाला काय सांगू?” तिने पुष्कळ विचार केला. म्हणाली, “मला कुणी धरायचं नाही. आणि मी गुणगुणेन तोवर करवत. मी थांबले की तू थांबायचं. मी श्वास घेणार. मग परत.”

मी हो म्हणून बसले. डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, “एवढं मोठं प्लास्टर असं तुकड्यातुकड्याने? दिवस जाईल.” म्हटलं, “भुलीपेक्षा बरं.” त्यांनी पेन टेबलावर दोनदा वाजवलं. “वडिलांना विचारा.”

वडील बेकरीत भट्टीवर आहेत. पहाटेची पाळी करून तसेच येतात, भुवईत पीठ असतं. मागच्या वेळी धरणाऱ्या चौघांत तेही होते. मी विचारलं तेव्हा ते बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. म्हणाले, “ती धरू नका म्हणते तर मी खिशात हात घालून उभा राहीन. पण मला बाहेर काढू नका.”

आता तेही संध्याकाळी गुणगुणायला बसतात. त्यांचा सूर कुठल्याच करवतीशी जुळत नाही. राणीसरकारांनी त्यांना मागच्या रांगेत बसवलंय.

मीही करते. कपडे बदलायच्या खोलीत, दार लावून. कशासाठी ते विचारू नकोस. छातीत बरं वाटतं.

परवा आहे. तू तिथून काही करू शकत नाहीस हे मला माहीत आहे. तरी त्या दिवशी सकाळी आमची आठवण काढ.

धाकटी


११ फेब्रुवारी

ताई,

झालं. आधी हेच लिहिते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. आता पहिल्यापासून.

टेबलावर तिला ठेवलं तेव्हा तिचे ओठ पांढरे होते. खोलीत मी, मदतनीस, डॉक्टर, वडील आणि मोठ्या सिस्टर. वडिलांचे हात खरोखर खिशात. मी विचारलं, “हवामान?” ती म्हणाली, “वादळ. तू चालू कर.” मी म्हटलं, “तू चालू कर.” तिने श्वास भरून घेतला आणि गुणगुणायला लागली. मी करवत लावली.

तिचा श्वास संपला, मी करवत उचलली. तिने माझ्याकडे पाहिलं. खरंच उचलते का, ते बघत होती. पुन्हा श्वास, पुन्हा सूर, पुन्हा करवत. हळूहळू तिचा सूर लांबायला लागला, ताई. छातीखालून कमरेपर्यंत आलो. मदतनीसाला पातं पुसायला दिलं की मी पात्याला बोट लावून बघायची, तापलंय का. एकदा तापलं होतं. मी म्हटलं, “करवतीला विश्रांती हवी.” ती म्हणाली, “तिला सांग पोटातून श्वास घे.” डॉक्टर हसले. मी त्यांना त्या खोलीत हसताना पहिल्यांदा पाहिलं.

डाव्या मांडीच्या आतल्या बाजूला आलो आणि ती थांबली. श्वास घेतला, पण सूर निघेना. नडगीचा डाग त्याच पायावर आहे. मी करवत हवेत धरून उभी. हात भरून आले. डॉक्टरांचं पुढचं ऑपरेशन खोळंबलं होतं, त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि नजर पुन्हा तिच्याकडे वळवली. वडील म्हणाले, “चल ना बाळा, थोडंच राहिलंय.” ती म्हणाली, “बाबा, थांबा. मी बघतेय.”

“काय बघतेस?”

“पोटात काय आहे ते.”

कुणी हललं नाही. मग ती छताकडे बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, “भीती आहे. पण आता ती बसलीये. मगाशी उभी होती.”

आणि गुणगुणायला लागली. या वेळी मोठ्या सिस्टरही तिच्याबरोबर गुणगुणल्या. मग तिचे बाबा, बेसूर. मग डॉक्टर, खाली मान घालून, जणू आपण नाहीच. मीही गुणगुणत होते आणि माझे डोळे भरत होते, आणि करवत चालवताना डोळे भरून चालत नाहीत, म्हणून मी खांद्याला पुसत होते. भिंतीपलीकडून वॉर्डातल्या पोरांचा आवाज आला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

प्लास्टरची दोन टरफलं उचलली, आत कापसातून पाय निघाले, काटक्यांसारखे, कातडीचे पापुद्रे सुटलेले. ती मान उचलून बघत राहिली. “हे माझे आहेत?” म्हणाली. वडिलांनी खिशातून हात काढले आणि विचारलं, “आता धरू का?” तिने विचार केला. “पाय नको. मला धरा.”

ताई, मी इतकी वर्षं हे काम करते. किती हात, किती पाय सोडवले. पोरं रडतात, आपण पटकन उरकतो आणि म्हणतो, बघ, झालं की नाही. मला वाटायचं, झालं म्हणजे झालं. आज पहिल्यांदा एक मूल माझ्या टेबलावरून असं उतरलं की जे घडलं ते त्याने स्वतः केलं होतं. मला हे कुणाला तरी ओरडून सांगायचंय, आणि माझ्या ओळखीत हे पुरतं कळेल असं माणूस तू एकटीच आहेस.

धाकटी


४ मार्च

ताई,

मोठ्या सिस्टरनी वरून परवानगी काढली. खेळायच्या खोलीत आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलांचा योग, कायमचा. अर्जावर शिकवणाऱ्याचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी माझं लिहिलं. मी म्हटलं, “मला कुठे येतं?” त्या म्हणाल्या, “म्हणूनच आधी शिकून घ्या. बहिणीला बोलवा.” डावा कोपर घरी गेला. त्याच्या धाकट्या भावाने त्याचा पतंग फाडला, तेव्हा तो मारायला उठला आणि मग म्हणाला, “थांब, आधी मला श्वास घेऊ दे.” श्वास घेतला आणि मग मारलं, पण हळू. त्याची आई हसत सांगत होती. मला वाटतं, सुरुवात म्हणून हे वाईट नाही.

राणीसरकार काल तपासणीला आल्या. कठड्याला धरून चालतात. त्यांच्या वडिलांनी बेकरीच्या भट्टीपुढे गुणगुणायला सुरुवात केली आहे, असं त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं.

तू ‘येऊ का?’ असं विचारलंस. एका ओळीत, पत्राच्या अगदी तळाला, जणू शाई उरली म्हणून. त्याचं उत्तर द्यायला मला चार दिवस लागले.

तू गेलीस, येते म्हणालीस आणि आली नाहीस. आई गेल्यावर आलीस. माझा राग श्वास घेऊन विरलेला नाही, हे आधीच सांगते, म्हणजे दारात तुला धक्का बसायला नको. तुझ्या पहिल्या पत्राच्या शेवटच्या पानावर तू लिहिलंस की तुला तिला तसं बघायची भीती वाटत होती, म्हणून तू पाय काढलास. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते पान चुरगळलं. मला वाटलं, भीती मलाही होती, मी नाही पळाले. नंतर ते पान मीच सरळ केलं. सहा वर्षांच्या पोरीला मी म्हणते, भीतीला भीती म्हण, मी करवत उचलून थांबते. तू तर तेच केलंयस. फक्त उशिरा केलंस. माझा रागही आहे, आणि तोही हल्ली जरा बसतो.

आई तुझ्याबद्दल काय बोलायची, असं विचारलंस. पुष्कळ बोलायची. समोरासमोर सांगेन, कागदावर मावायचं नाही.

तेव्हा ये. पलंग एकच आहे, मी खाली झोपेन, भांडू नकोस. गाडी दुपारची घे. मी इस्पितळातून थेट स्टेशनवर येईन. हात कोपरापर्यंत पांढरे असतील, ओळखशील. एखादं मूल टेबलावर थांबलं, तर मलाही थांबावं लागेल आणि उशीर होईल. तसं झालं तर पहिल्या फलाटावर बाक आहे, तिथे बस.

निघून जाऊ नकोस. मी येते आहे.

धाकटी